रसेल, बाळू आणि एक कप चहा

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये रात्री अकरानंतर जे वाद रंगतात त्यातला एक ठरलेला. बास्केटबॉलमधला सगळ्यांत भारी प्लेयर कोण? एका कोपऱ्यात जॉर्डनवाले, दुसऱ्या कोपऱ्यात कोबीवाले (मेसमधला कोबी नव्हे, ब्रायंट!), आणि एफ.ई.ची नवी पोरं लेब्रॉनच्या नावाने घसा कोरडा करतात. या भांडणात बिल रसेलचं नाव मात्र कोणी घेत नाही. घेतलंच तर "तो कोण?" असं विचारलं जातं. मित्रहो, माझं स्पष्ट मत आहे की हा वाद रसेलपासूनच सुरू व्हायला पाहिजे.

आधी आकडे सांगतो, कारण आपल्या इंजिनीअर लोकांना आकड्यांशिवाय काही पटत नाही. बोस्टन सेल्टिक्सकडून १३ सीझन, त्यात ११ अजिंक्यपदं. शेवटच्या दोन वेळी तर हा संघाचा प्लेयरही होता आणि कोचही. कॉलेजात असताना सॅन फ्रान्सिस्कोला १९५५ आणि १९५६ ची राष्ट्रीय अजिंक्यपदं, मग मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्ण. करिअरमध्ये दर मॅचला सरासरी पॉइंट १५.१ आणि रिबाउंड २२.५. पॉइंटपेक्षा रिबाउंड जास्त, हे नीट बघा. म्हणजे पठ्ठ्या पोस्टरवर छापण्यासारखं काही करत नव्हता, दुसऱ्याचा हुकलेला चेंडू आपल्या टीमला मिळवून देत होता.

त्याच्या ब्लॉकबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या कोर्टवर याची फार गरज आहे. आपल्याकडे कोणी ब्लॉक केला की चेंडू थेट मेसच्या पत्र्यावर, आणि मग बाजूने शिट्ट्या! पण चेंडू बाहेर गेला की तो परत समोरच्यांनाच मिळतो. मग मिळवलं काय? रसेल चेंडूला नुसतं बोट लावायचा, म्हणजे चेंडू कोर्टातच राहायचा आणि आपल्याच माणसाच्या हातात पडायचा. दुसऱ्या क्षणाला सेल्टिक्सची पोरं समोरच्या बास्केटखाली. बचावातून हल्ला काढायचा हा प्रकार त्याने इतका घोटला की शूटिंगला आलेला माणूस शॉट मारायच्या आधीच विचारात पडायचा. समोर विल्ट चेंबरलेनसारखा सात फुटांवरचा राक्षस, ज्याने १९६२ मध्ये एका मॅचमध्ये १०० पॉइंट ठोकले. तरी ट्रॉफी बहुतेक वेळा रसेलच्याच घरी!

आता दुसरी बाजू. रसेलचा जन्म १९३४ चा, अमेरिकेच्या दक्षिणेत, लुइझियानातल्या मन्रो गावात. तिथे काळ्यांसाठी सगळं वेगळं. वडील पेट्रोल पंपावर गेले, तर आधी गोऱ्यांच्या गाड्या भरणार. कंटाळून निघायला लागले तर पंपावाल्याने बंदूक रोखली. आई चांगले कपडे घालून बाहेर पडली म्हणून पोलिसाने तिला घरी हाकललं. हे कुटुंब शेवटी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला गेलं आणि मुलगा १२ वर्षांचा असताना ती आईही गेली.

तुम्ही म्हणाल, मोठा झाल्यावर सगळं सुधारलं असेल. कसलं काय! ऑक्टोबर १९६१. सेल्टिक्स चॅम्पियन आहेत. केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला प्रदर्शनी सामना. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये टीममधले दोन काळे खेळाडू खायला गेले, तर त्यांना सर्व्ह करायला नकार. कोच रेड ऑरबाख यांनी समजूत घालून बघितली, पण रसेल आणि त्याचे काळे सहकारी सरळ विमानतळावर गेले. गोऱ्या खेळाडूंनी मॅच खेळून टाकली. बोस्टनजवळ रीडिंगला रसेलचं घर होतं, ते फोडून चोरट्यांनी भिंतींवर शिव्या लिहिल्या आणि बिछान्यावर घाण करून ठेवली. ज्या शहराला हा माणूस ट्रॉफी आणून देत होता, त्याच शहराच्या शेजारी!

रसेल काही गोड माणूस नव्हता. सही मागितली की नाही म्हणायचा. १९७२ मध्ये सेल्टिक्सने त्याचा ६ नंबर कायमचा राखून ठेवला, तेव्हा प्रेक्षक आत यायच्या आधी मोजक्या लोकांसमोर तो कार्यक्रम उरकायला लावला. लोक म्हणायचे, माजलाय. मला विचाराल तर असा थोडा माज परवडतो.

आता मी पाचाडचा. रायगड बघायला येणारे आमच्याकडे जिजाऊंच्या समाधीशी थांबतात, वाड्यातल्या विहिरी बघतात आणि रोपवेकडे पळतात. मी इथे येईपर्यंत बास्केटबॉल हातात धरला नव्हता. पण पाचाडहून कुठेही निघालं की महाड लागतं, आणि महाडात चवदार तळं आहे. त्यामुळे प्यायला कोणाला द्यायचं हा प्रश्न किती मोठा असतो, ते आम्हाला केंटकीहून शिकावं लागत नाही. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव १९२३ चा, त्यावरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सगळ्यांना खुलं केलं, आणि तरी पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंच्या सोबत चालत जावं लागलं. पुढे कोर्टकचेरी लागली ती थेट १९३७ पर्यंत.

याच्याही आधी, मैदानावर, आपल्याकडे एक रसेल होऊन गेला. बाळू पालवणकर. आडनावच सांगतं की घराणं कोकणातलं. जन्म धारवाडला, १८७६ च्या सुमारास, चांभार कुटुंबात. पुण्यात पारशांच्या मैदानावर रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. मग इंग्रजांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे साहेब लोकांना नेटमध्ये बोलिंग टाकता टाकता डावखुरा स्पिनर तयार झाला. ग्रेग नावाचा साहेब त्याच्यावर तासन् तास प्रॅक्टिस करायचा. पण बाळूला बॅटिंग देत नव्हते. बॅट साहेबांसाठी!

पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचं होतं, आणि हरवू शकणारा बोलर अस्पृश्य निघाला. बरीच कुरकुर झाली आणि मग त्याला संघात घेतला. त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलायचे. पण टी-टाइम झाला की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा प्यायचे, आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यातून. चेंडूचा विटाळ नाही आणि कपाचा होतो, हे लॉजिक कोणत्या सेमिस्टरला शिकवतात कोण जाणे.

पुढे मुंबईत हिंदू जिमखान्याकडून तो खेळला. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात त्याचा मोठा वाटा. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून इंग्लंडला गेला. संघ जास्त सामने हरला, पण बाळूने दौऱ्यावर ११४ विकेट काढल्या. असल्या माणसाला हिंदूंचं कर्णधारपद कधी मिळालं? रीतसर कधीच नाही. १९२० मध्ये कर्णधारपदावरून वाद पेटला, बाळूलाही वगळलं, तेव्हा धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं. म्हणजे लेक्सिंग्टनच्या ४१ वर्षं आधी! आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला. अमेरिकेत रसेल १९६६ मध्ये एन.बी.ए.चा पहिला काळा हेड कोच झाला. दोन्हीकडे हे दान कोणी खुशीत दिलेलं नव्हतं.

बाळूची गोष्ट पुढे सरळ जात नाही. तरुण आंबेडकरांना त्याचा अभिमान होता. पण १९३२ च्या पुणे करारावेळी बाळू गांधींच्या बाजूने, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर तो चक्क बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि हरला. काही जणांना म्हणून तो अडचणीचा वाटतो. मला नाही वाटत. एखाद्याचं मत पटलं नाही म्हणून त्याच्या मातीच्या भांड्याची गोष्ट खोटी होत नाही.

"खेळात हे सगळं कशाला आणता?" असं आपल्या होस्टेलवर नेहमी ऐकू येतं. आणलं कोणी पण? रसेलने कॉफी मागितली होती, बाळू चहाला थांबला होता. खेळात भेद आणणारे कपबशी घेऊन आत बसले होते, आणि बाहेर ठेवलेला माणूस बोलला की त्याला म्हणायचं, गेमवर लक्ष दे. हे मला पटत नाही. रसेलला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमने १९७५ मध्ये घेतलं, पण त्याने अंगठी घेतली २०१९ मध्ये. त्याचं म्हणणं, माझ्या आधीच्या काळ्या खेळाडूंचा मान पहिला. तो वारला जुलै २०२२ मध्ये. त्यानंतर पूर्ण एन.बी.ए.त ६ नंबर कोणालाही नव्याने द्यायचा नाही असं ठरलं. तिथे असा मान कोणत्याही खेळाडूला पहिल्यांदाच मिळाला.

आता आपल्या कोर्टवर या. फेब्रुवारीत इंटर-होस्टेल असते. टीम कशी बनते? जळगाववाले एक, लातूरवाले एक, कोकणवाले एक, आणि त्याच्याही आत काय काय ग्रुप असतात ते सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. कॅप्टन ठरतो रूम नंबरवरून, खेळावरून नाही. कोणत्याच ग्रुपमध्ये न बसणारी एफ.ई.ची पोरं वर्षभर पाण्याच्या बाटल्या भरतात. त्यातला एक सहा फुटी पोरगा मी रोज बघतो. त्याची उडी अशी की ब्लॉक शिकवला तर दोन वर्षांत युनिव्हर्सिटी खेळेल. पण त्याच्या हातात चेंडू येतो तो अंधार पडून बाकीचे मेसला गेल्यावर.

जिमखाना सेक्रेटरीला माझी जाहीर विनंती आहे. या वर्षी नावं एकत्र घ्या आणि चिठ्ठ्या टाकून टीम पाडा. कॅप्टन पहिल्या प्रॅक्टिसनंतर पोरांनीच निवडावा. आणि मेसच्या बोर्डवर नावनोंदणीचा कागद लावाल, त्यावरचा 'जिल्हा' हा रकाना खोडून टाका.