राजसीमेवरचा तालुका

२०२५ च्या जुलैत थायलंड आणि कंबोडिया पाच दिवस एकमेकांवर तोफा डागत होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पुन्हा भिडले. बातम्यांत ‘सीमेवरील प्राचीन मंदिरांचा वाद’ एवढाच उल्लेख असे, आणि आपणही तो वाचून पान उलटत होतो. यातले एक मंदिर म्हणजे ता मुएन थोम. २४ जुलैच्या सकाळी पहिल्या गोळ्या झडल्या त्या याच्याच परिसरात. हे शिवमंदिर आहे, आणि गाभाऱ्यात खडकातूनच वर आलेले स्वयंभू लिंग आहे. जवळच दोन लहान वास्तू आहेत. एक जुन्या धर्मशाळेची, दुसरी रुग्णालयाची.

रानात, डोंगराच्या खिंडीत धर्मशाळा आणि रुग्णालय कशाला? कारण इथून राजरस्ता जात होता. अंगकोरहून निघून, डांगरेक डोंगर ओलांडून दोनशेहून अधिक किलोमीटर वायव्येला जाणाऱ्या या रस्त्यावर सतरा ‘वह्निगृहे’ होती, असे सातव्या जयवर्म्याच्या ११९१ च्या शिलालेखात नमूद आहे. वह्निगृह म्हणजे जिथे वाटसरूसाठी विस्तव तेवत ठेवलेला असे ते घर. हा रस्ता जिथे संपत होता त्या गावाचे नाव विमायपूर. आजचे फिमाय. नाखोन राच्चसिमा प्रांतातला एक तालुका. सीमेवर कोण कोणाशी का भांडते हे समजून घ्यायचे, तर रस्त्याच्या या टोकाला जाऊन पाहावे, असे मला वाटते. लढाईची बातमी सीमेवरून येते, पण देश कसा चालतो हे तालुक्याच्या गावी कळते. बँकेच्या नोकरीत तालुक्याच्या गावांतच माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणूनही असे वाटत असेल.

प्रांताचे नाव जरा मोठ्याने म्हणून पाहा. नाखोन म्हणजे नगर, राच्चसिमा म्हणजे राजसीमा. लोक त्याला कोरात म्हणतात. बँकॉकहून ईशान्येकडे जाणारा महामार्ग ‘मित्रफाप’, म्हणजे आपला मित्रभाव; १९५० च्या दशकात अमेरिकेच्या पैशातून झालेला. त्या मैत्रीचे व्याज पुढे व्हिएतनामच्या युद्धात वसूल झाले, कोरातच्या विमानतळावरून अमेरिकन बॉम्बफेकी विमाने उडू लागली. कोरात शहर मागे टाकून साठेक किलोमीटर गेले की फिमाय.

तालुक्याचे क्षेत्र सुमारे नऊशे चौरस किलोमीटर, लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास, बारा तांबोन. तांबोन म्हणजे पाच-पंधरा गावांचा गट. जमीन सपाट, बरीचशी रेताड, कुठे कुठे खारी. मून नदी गावाला वळसा घालून पूर्वेकडे मेकाँगला भेटायला निघते. भाताचे एक पीक पावसावर, आणि पाऊस लहरी. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. काठावर एक अवाढव्य वटवृक्ष आहे. त्याच्या पारंब्यांचीच खोडे होऊन त्या वृक्षाचे रान झाले आहे.

गावाच्या मध्यभागी तटबंदी आणि तिच्या आत पांढुरक्या वालुकाश्माचे मंदिर. ते महायान बौद्धांचे, पण बाहेरच्या पट्ट्यांवर राम-लक्ष्मण आणि वानरसेना आहे. दाराच्या चौकटीवरच्या लेखात शके १०३० ची नोंद सापडते. शके! आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर असते तीच कालगणना. अंगकोर वटच्या शिखराची कल्पना इथूनच गेली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे रस्त्यावरून फक्त हुकूमच येत नव्हते, इथले काही तिकडेही जात होते. मंदिराचे तोंडही नेहमीप्रमाणे पूर्वेला नसून आग्नेयेला, अंगकोरच्या दिशेला आहे.

पुढे अंगकोरचे राज्य ओसरले, अयुध्येचे आले. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुध्या जाळली तेव्हा थेपफिफित नावाच्या राजपुत्राने फिमायला स्वतंत्र गादी मांडली. हा गृहस्थ आधी सिलोनला हद्दपार झालेला आणि तिथल्या राजाविरुद्धच्या कटातही ज्याचे नाव पुढे आलेले. कादंबरीकाराने कल्पनेने रचला असता तर संपादकाने ‘अतिरंजित’ म्हणून परत पाठवला असता. वर्षभरात, १७६८ मध्ये, ताक्सिनने त्याचा बंदोबस्त केला.

तालुक्यातल्या सम्रित तांबोनाची गोष्ट मात्र अजून धगधगते. १८२७ मध्ये व्हिएन्तियानच्या राजा अनुवाँगच्या फौजेने कोरातच्या लोकांना कैद करून नेले, सम्रितच्या माळावर मो नावाच्या स्त्रीच्या पुढाकाराने कैद्यांनी उठाव केला, अशी ती कथा. कोरातमध्ये १९३४ साली तिचा पुतळा उभा राहिला आणि आज तिथे नवस बोलले जातात. १९९५ मध्ये सायपिन काएवंगामप्रसर्त या अभ्यासिकेने पुस्तक लिहून विचारले, की पुतळा नेमका १९३४ लाच का? त्याच्या आदल्या वर्षी सरकारविरुद्ध बंड झाले होते आणि त्याचा तळ कोरातलाच होता. आपली निष्ठा दाखवायला शहराला एक वीरांगना हवी होती, असे तिचे म्हणणे. १९९६ मध्ये कोरातकर रस्त्यावर उतरले. लाओसमध्ये अनुवाँग राष्ट्रपुरुष आहे, हे इथे ध्यानात ठेवावे. पुतळ्यांवरून पेटणाऱ्या गावांबद्दल मराठी वाचकाला मी काय सांगावे!

आता कारभार. १८९२ मध्ये राजपुत्र दामरोंग गृहखात्याचा मंत्री झाला. त्याच्या आधी त्याने युरोपातून परतताना भारत आणि ब्रह्मदेशातला इंग्रजी कारभार पाहिला होता. स्थानिक सरदारांच्या हातची राज्ये काढून घेऊन त्याने ‘मोन्थोन’ म्हणजे मंडले केली. त्याखाली प्रांत, अम्फो म्हणजे तालुका, तांबोन आणि गाव. या पद्धतीचे नाव ‘थेसाफिबान’. त्यात आपले ‘देश’ आणि ‘पाल’ दडलेले आहेत. १९०० मध्ये कोरातला आगगाडी आली, पाठोपाठ करवसुली आली. १९०१-०२ मध्ये ईशान्येकडच्या खेड्यांत ‘पुण्यवंत’ म्हणवणाऱ्यांनी बंड केले ते बंदुकांनी मोडले गेले. फ्रेंच मेकाँगपर्यंत येऊन ठेपले होते. घाई दामरोंगची होती, मरण खेडुतांचे.

ही उतरंड आजही उभी आहे. प्रांताचा गव्हर्नर आणि तालुक्याचा ‘नाय अम्फो’ बँकॉकचे गृहखाते नेमते. बँकॉक सोडले तर एकाही प्रांताला आपला गव्हर्नर निवडता येत नाही. गावाचा प्रमुख ‘फू याय बान’ लोक निवडतात, पण एकदा निवडला की तो साठाव्या वर्षापर्यंत राहू शकतो, आणि मानधन, गणवेश सरकारचा. त्यांच्यातलाच एक तांबोनचा ‘काम्नान’. दुसऱ्या बाजूला १९९४ च्या कायद्याने तांबोनच्या निवडून आलेल्या संस्था आल्या, त्यांचा प्रमुख ‘नायोक’, म्हणजे नायक. आपल्याकडची पोलीस पाटील आणि सरपंच यांची जोडी डोळ्यांपुढे आणा, आणि पाटलाच्या मागे मामलेदार उभा आहे अशी कल्पना करा. १९९९ च्या कायद्याने सरकारी महसुलाचा ३५ टक्के वाटा २००६ पर्यंत स्थानिक संस्थांना देण्याचे ठरवले होते. २००६ आले तेव्हा कायदाच बदलला. २०१४ च्या लष्करी बंडानंतर तर स्थानिक निवडणुकाच थांबल्या, तांबोनांना मतदान करता आले ते थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये.

अधिकार नाही, तिथे पैसा वरून पडतो. कधी पावसासारखा, कधी गारपिटीसारखा. १९६६ मध्ये स्थापन झालेली त्यांची कृषी बँक मला मनापासून आवडते. शेतकऱ्यांचा गट एकमेकांना जामीन राहतो आणि तारणाशिवाय कर्ज मिळते. शेजाऱ्याची लाज ही सातबाऱ्यापेक्षा भक्कम, हे शाखेत बसलेला कोणीही सांगेल. पण २०११ मध्ये यिंगलक सरकारने साधे भात टनाला १५,००० आणि सुवासिक भात २०,००० बाहतला घेण्याचे जाहीर केले, बाजारभावाच्या कितीतरी वर. भार याच बँकेवर. जगाचा बाजार काही चढला नाही आणि गोदामे फुगली. २०१३ च्या डिसेंबरात संसद विसर्जित झाली, काळजीवाहू सरकारला कर्ज काढता येईना, आणि पावत्या हातात घेऊन शेतकरी थांबून राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये सरकारी बचत बँकेने कृषी बँकेला पैसे दिल्याचे कळताच ठेवीदारांनी एका दिवसात सुमारे तीन हजार कोटी बाहत काढून नेले. १९९० ची आपली कर्जमाफी मी काउंटरच्या आतून पाहिली आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे खरेच, पण नियमित हप्ते भरणारा माणूस त्या दिवशी मान खाली घालून उभा होता. तेव्हापासून मला घोषणेच्या रकमेपेक्षा ती कोणाच्या ताळेबंदातून जाणार याची चिंता आधी वाटते.

सीमेवर झेंडा लावणारे, मंदिराची मालकी सांगणारे आणि भाताचा भाव ठरवणारे हात एकाच शहरातले आहेत. फिमायच्या माणसाला या तिन्हींत विचारले जात नाही. त्याला विचारण्याची एकच जागा म्हणजे तांबोन, आणि तिथे आता नवीच अडचण आहे. तरणीताठी माणसे बँकॉकच्या कारखान्यांत, टॅक्सीत, बांधकामावर. नातवंडे आजीपाशी. २०२४ मध्ये साऱ्या थायलंडात पाच लाखांपेक्षा कमी मुले जन्मली, आणि एकशेवीसहून कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांत विलीन करण्याचे सरकारी धोरण आहे. गेलेल्यांची नावे मात्र घराच्या नोंदवहीत गावातच राहतात. स्थानिक निवडणुकीत आगाऊ किंवा बाहेरगावाहून मतदानाची सोय नाही. म्हणून ज्याला आपला नायोक निवडायचा असेल त्याने शनिवारी रात्री बँकॉकच्या मो चित स्थानकावर गाडी पकडायची, मित्रभाव मार्गाने पहाटे उतरायचे, मत द्यायचे, आजीच्या हातचे चार घास खायचे आणि सोमवारच्या पाळीला परत पोचायचे. भाडे ज्याचे त्याने भरायचे.