यंत्रांची निगा : गाडीचा रंग घासताना

उन्हाने, धुळीने गाडीचा रंग फिका पडला, की मशीनने रबिंग करून घ्यावेसे वाटते. जरूर घ्यावे. पण मशीन रंग चढवीत नाही, वरचा थर घासून काढते, हे ध्यानात असू द्या. हल्लीच्या मोटारींच्या रंगावरचा पारदर्शक थर मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतकाच असतो. एकदा गेला की गेला.

आधी गाडी स्वच्छ धुवावी. राहिलेला खडा नवे ओरखडे पाडतो. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन चोळावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाही असे समजावे. जुन्या जीप-ट्रॅक्टरचे बहुधा असेच असते.

लोकरीचा पॅड भरभर कापतो, पण बारीक वळ ठेवतो. कडक फोम मध्यम, तर मऊ फोम शेवटच्या चकाकीसाठी. कंपाउंडही जाड व बारीक असे मिळते. सावलीत, वीतभर जागेवर मऊ फोम आणि बारीक पॉलिशने सुरुवात करावी. भागले नाही तर आधी पॅड बदलावा, मग कंपाउंड. प्रत्येक कंपाउंडला पॅड वेगळा.

कडांवर रंग पातळ असतो. तिथे मशीन टेकवू नये, एका जागी थांबवूही नये. नख अडकेल असा ओरखडा घासून काढू पाहाल, तर पत्रा उघडा पडेल आणि पुढे गंज धरेल. तो ओरखडा राहू द्यावा. शेवटी मेणाचा हात फिरवावा.