काठाचे उत्पन्न काठाच्या डागडुजीला

पणजी शहर मांडवीच्या अंगाने वाढले. पाटोपासून जुन्या सचिवालयावरून, फेरीबोटीच्या धक्क्यापुढून कांपाल आणि मिरामारपर्यंत बांदोडकर मार्गाला लागून जो काठ जातो, तिथे फिरायला तिकीट लागत नाही. पहाटे चालायला येणारे, बेतीहून फेरीने उतरणारे, गळ टाकून बसणारे आणि संध्याकाळी नुसतेच पाण्याकडे बघत बसणारे सगळे या एकाच पट्ट्यावर भेटतात. २००४ पासून चित्रपट महोत्सव इथे भरू लागला तेव्हा या काठाचे रूप पालटले. पुढे स्मार्ट सिटी मिशनच्या वर्षांत शहरभर बांधकामे झाली आणि मार्च २०२५ मध्ये त्या मिशनची मुदत संपली. काठ उभारायला योजनेतून पैसा येतो. तो राखायचा खर्च मात्र पगार, कचरा आणि दिवाबत्ती यांच्या मागे रांगेत उभा राहतो. शिवाय या काठाचे धनी अनेक आहेत. पाणी आणि धक्के बंदर कप्तान खात्याकडे, रस्ता बांधकाम खात्याकडे, पर्यटनाचे धक्के पर्यटन खात्याकडे आणि झाडलोट महापालिकेकडे. माझे म्हणणे असे की पणजीच्या नदीकाठाला आता नव्या सुशोभीकरणाची गरज नाही. त्याला स्वतःचे उत्पन्न, ठरलेली तारीख आणि एकच जबाबदार धनी हवा आहे. ही व्यवस्था बाहेरून आणायची नाही, गोव्याने ती खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतांत, शेकडो वर्षे चालवलेली आहे.

काठ एका रात्रीत कोसळला असे आपण म्हणतो, पण कोसळण्याची तयारी कित्येक वर्षे चाललेली असते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. घाटावरून येणारे बरेचसे पाणी मांडवी समुद्राकडे नेत असते आणि त्याच वेळी दिवसातून दोनदा भरती ते मागे रेटते. भिंतीमागचा भराव पावसाने भिजून जड होतो. ओहोटी लागली की नदीची पातळी झपाट्याने उतरते, पण भरावातले पाणी तितक्या लवकर उतरत नाही आणि भिंतीला आतून बाहेर ढकलू लागते. हा दाब हलका करण्यासाठी भिंतीत निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. ती माती, प्लास्टिक आणि सिमेंटच्या थरांनी बुजली की भिंत एकटीच तो भार सोसते. मग सांध्यांतून बारीक माती वाहून जाते, फरशीखाली पोकळी तयार होते आणि वरून सगळे ठीक दिसत असताना एके दिवशी फरशी खचते. पाण्याखाली भिंतीचा पाया उघडा पडतो तो तर कुणालाच दिसत नाही. खाऱ्या हवेने काँक्रीटमधली सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. एवढ्या सगळ्यानंतर वादळ येते आणि आधीच सैल झालेले तेवढे काढून नेते.

गंज काय करू शकतो हे पणजीला नव्याने सांगायला नको. मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला तेव्हा तो बांधून दोन दशकेही झाली नव्हती. खाऱ्या हवेत आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. त्याच नदीकाठी रायबंदरला जाणारा दगडी बांधरस्ता सतराव्या शतकात, १६३० च्या दशकात, बांधला गेला आणि आजही त्यावरून वाहने जातात. जांभ्याच्या त्या रस्त्यात गंजायला लोखंड नव्हते आणि खाली कमानी ठेवून भरतीच्या पाण्याला वाट दिलेली होती. म्हणून आता काँक्रीट वापरूच नये असे मला म्हणायचे नाही. आजची गरज जांभ्याने भागणार नाही हे उघड आहे. पण ज्या सामानाला सतत लक्ष लागते ते वापरायचे आणि लक्ष द्यायची तरतूद करायची नाही, हा व्यवहार चुकीचा आहे.

त्यात अरबी समुद्र बदलला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती थोडी घटली. एकट्या २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, गोव्यात जमिनीवर आलेसुद्धा नाही, तरी झाडे आणि विजेचे खांब जागोजाग पडले आणि अनेक भाग अंधारात राहिले. तारीख लक्षात घ्या. मे महिन्याचा मध्य म्हणजे पावसाळापूर्व कामे निम्मी झालेली आणि निम्मी व्हायची असलेला काळ. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटोपू हा जुना हिशेब आता पुरत नाही. झाडांचेही तसेच आहे. फुटपाथ करताना मुळे तोडायची, बुंध्यापर्यंत फरशी किंवा सिमेंट भिडवायचे आणि वादळात झाड पडले की वाऱ्याला दोष द्यायचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. ते करायला कुदळ आणि चार माणसे पुरतात.

आता सुरुवातीला उल्लेखलेली व्यवस्था पाहू. खाजन हे गोव्याच्या खाड्यांकाठी भरतीच्या पाण्यापासून मिळवलेले शेत. अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन गोव्यात आहे. तिच्या कडेने माती, पेंढा आणि जांभ्याचा बांध असतो आणि बांधात मानस असते, म्हणजे भरतीच्या रेट्याने मिटणारे आणि ओहोटीला उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडणारे लाकडी दार. पण खरी हुशारी या व्यवस्थेच्या हिशेबात होती. मानशीवर मासे धरण्याचा हक्क कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, लिलावात देत असे आणि ते उत्पन्न बांधाच्या डागडुजीकडे वळत असे. ज्या पाण्यापासून बांधाला धोका, त्याच पाण्याच्या उत्पन्नातून बांध राखला जाई. बांध कुणी बघायचा हे ठरलेले होते आणि पावसाआधी काम व्हायचे हेही ठरलेले होते. बांध फुटला तर स्वतःचे भात जाणार हे प्रत्येकाला माहीत होते, म्हणून कुणी डोळेझाक करत नसे. गोवा मुक्तीनंतर कुळकायदे आले, ते न्यायाच्या दृष्टीने योग्यच होते. पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघटनांकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती कुणाचीच राहिली नाही. मासळीच्या पैशासाठी खारे पाणी आत घेतले जाऊ लागले, बांध फुटले, शेते पडीक झाली. खाजन व्यवस्था शेवटी मोडलीच ना, असा आक्षेप कुणी घेईल. मला तिच्या मोडण्यातूनच अधिक शिकायला मिळते. उत्पन्न आणि जबाबदारी यांची गाठ होती तोवर मातीचा बांध टिकला, आणि ती गाठ सुटल्यावर तोच बांध फुटू लागला.

हीच गाठ मांडवीकाठी पुन्हा बांधता येईल. नदीवर तरंगत्या कॅसिनोंकडून राज्य सरकार दरवर्षी परवाना शुल्क घेते. त्याशिवाय नदीसफरीच्या बोटी आहेत, धक्क्यांचे भाडे आहे, काठावरचे जाहिरात फलक आणि वाहनतळ आहेत. या सगळ्यांतून ठरावीक वाटा कायद्याने वेगळा काढून फक्त काठाच्या देखभालीसाठी ठेवावा. जुलै २०१७ मध्ये खवळलेल्या समुद्रातून मांडवीत येऊ पाहणारी एक कॅसिनो बोट मिरामारजवळ रुतून बसली होती. पाण्यावर व्यवसाय करणारा पाण्याकाठी धोकाही निर्माण करतो, तेव्हा काठाच्या खर्चात त्याचा वाटा असणे न्याय्य आहे. यावर एक प्रामाणिक आक्षेप येईल की अशाने कॅसिनोंना मांडवीत कायमचे बस्तान मिळेल. कॅसिनो हलवावेत असे मानणाऱ्यांची संख्या पणजीत मोठी आहे आणि त्यांची बाजू दुबळी नाही. म्हणूनच निधी एकाच उत्पन्नावर उभा नसावा. उद्या कॅसिनो गेले तर त्यांचा वाटा जाईल, निधी राहील. तोवर मात्र जे शुल्क सरकार आजही घेतेच आहे, त्यातला काही भाग नदीकडे परत यावा एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप पैशाच्या क्रमाचा आहे. शहरातल्या मळा भागात आणि १८ जून रस्त्यावर पाणी साचते, सांतिनेज नाला श्वास घेत नाही, मग फिरायच्या जागेवर खर्च कशाला? पण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. शहरातले पावसाचे पाणी ज्या गटारांतून आणि नाल्यांतून नदीत जाते त्यांची तोंडे याच काठावर आहेत. भरतीच्या वेळी मोठी सर आली की तोंडावरची झडप नीट मिटायला हवी, नाहीतर नदीच शहरात शिरते, आणि ओहोटीला ती उघडायलाही हवी. ही झडप म्हणजे शहरातली मानसच. ती गाळाने अडली तर मळ्यात पाणी चढणार. काठाची देखभाल म्हणजे रंगरंगोटी असे समजले की हा आक्षेप खरा वाटतो. निचऱ्याची भोके, झडपा, भिंतीचा पाया आणि झाडांची मुळे हा तिचा अर्थ धरला की ती पूरनियंत्रणाचीच बाब ठरते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. वादळे इतकी मोठी होत असतील तर डागडुजीने काय साधणार? ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराने २००३ मध्ये नदीवर तरंगता पदपथ सुरू केला होता. जानेवारी २०११ च्या महापुरात तो तुटला. सुमारे ३०० मीटरचा एक तुकडा प्रवाहाबरोबर निघाला, आणि टगबोटीवाल्यांनी तो पुलाला धडकू न देता खाली समुद्राकडे नेला. कितीही देखभाल केली असती तरी त्या पुरात तो टिकला नसता, हे मी मान्य करतो. पण तिथल्या पालिकेने तोच पदपथ पुन्हा मांडला नाही. २०१४ मध्ये तिने नदीच्या तळात रोवलेल्या खांबांवर नवा पदपथ बांधला, त्याला ७ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. काही वादळे देखभालीच्या आवाक्याबाहेरची असतात, तेव्हा रचनाच बदलावी लागते. मात्र रचना कुठे बदलायची हे ठरवण्यासाठी भिंत दरवर्षी किती सरकली, पाया किती उघडा पडला, कोणता भाग पुन्हा पुन्हा खचतो याची नोंद हवी. ती नियमित तपासणीतूनच मिळते. मिरामारकडच्या टोकाला कदाचित भिंत उंच करण्यापेक्षा मागे सरकणे आणि वाळू व झाडांना जागा देणे शहाणपणाचे ठरेल. नोंदी नसताना असा निर्णय घेणे म्हणजे अंदाजावर कोट्यवधी घालवणे होय. आणि उंच भिंतीची मागणी करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की भिंत जितकी उंच तितका मागच्या भरावाचा भार जास्त, म्हणजे निचऱ्याची भोके साफ ठेवण्याची गरजही जास्त.

वेगळ्या निधीचा पैसा वळवला जातो किंवा पडून राहतो हेही खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे तारीख आणि उघडी नोंद. दरवर्षी पावसाळा सरल्यावर नोव्हेंबरमध्ये पाण्याखालच्या पायासह पूर्ण पाहणी व्हावी, एप्रिलअखेर दुरुस्ती आटोपावी आणि दोन्हींचा अहवाल महापालिकेने लोकांसमोर ठेवावा. अहवालावर एका अभियंत्याची सही असावी. बाकीची खाती मदत करतील, पण उत्तर एकाच कार्यालयाने द्यायचे. पणजीकरांनी पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या नगरसेवकाला मांडवीकाठासाठी नवे काय येणार हे विचारू नये. या काठाची शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली आणि तिचा कागद कुठे आहे, हे विचारावे.