परवाना कागदावर, काडतूस नशिबावर

पातूरचा घाट उतरताच तूर, कपाशी आणि हरभऱ्याची शिवारे सुरू होतात आणि त्याच डोंगराच्या कुशीतून रात्री रानडुकरांचे कळप व रोही खाली येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले जनावर मारण्याची लेखी परवानगी अधिकाऱ्याला देता येते. पण ते मारायचे कशाने, या प्रश्नाचे उत्तर कोण देणार? आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

घरोघरी ठाऊक असलेली बंदूक म्हणजे बारा बोअर. तिचे छर्रे तीस-पस्तीस मीटरपलीकडे विखुरतात. ते डुकराला मारीत नाहीत, जखमी करतात. आणि जखमी डुक्कर पहाटे शेतात निघालेल्या माणसावर उलटते. .२२ चे काडतूस तर याहून अपुरे. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटरवर कांस्यपदक जिंकले ते याच काडतुसावर. पण ती गोळी कागद भेदण्यासाठी आहे, रोह्याचा खांदा भेदण्यासाठी नव्हे. लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधाला निमुळती, वेगवान, वाऱ्याला दाद न देणारी गोळी हवी. जनावरासाठी जड आणि लागताच पसरणारी. दोहोंचा धर्मच वेगळा.

उरते .३१५ बोअरची रायफल. तिची २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे सोळा ग्रॅमची, मऊ टोकाची गोळी शंभर मीटरच्या आत आपले काम चोख करते. मात्र ही निवड आपली नाही. लष्करी .३०३ चे काडतूस हिंदी माणसाच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी त्या बोअरवर बंदी घातली आणि ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर रायफलीचे काडतूस .३१५ या नावाने येथे रुजले. १८७८ चा शस्त्र कायदा जाऊन १९५९ चा आला, तरी लष्करी बोअरची बंदी कायम राहिली. त्या बंदीला आज सुरक्षेचे कारण असेलही. परंतु परक्याच्या भयातून जन्मलेली सोय हीच आपल्या शेतकऱ्याची गरज, असे मानून स्वस्थ बसणे ही बौद्धिक गुलामगिरी नव्हे काय?

शिवाय चुकलेली रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. शेजारच्या वावरात कोणी जागलीला बसलेला असतो. म्हणून माळ्यावरून खाली रोखून, मागे मातीचा धुरा असेल तरच ती झाडावी. हे शिकवले कोणी? सराव नाही आणि सरावापुरती काडतुसेही नाहीत!

शहरातील प्राणिमित्रांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बंदूक नाकारल्याने जनावर वाचत नाही. हताश हात कुंपणात वीज सोडतात. त्यात डुकरासोबत वाघ मरतो, कधी माणूसही. एका गोळीत आलेला मृत्यू दयेचा, की तारेला चिकटून आलेला?

तेव्हा परवानगीच्या कागदावर बोअर, गोळीचा प्रकार आणि अंतराची मर्यादा लिहिली जावी. तालुक्यागणिक प्रशिक्षित नेमबाजांचे पथक असावे. त्यांच्या सरावाची काडतुसे शासनाने पुरवावीत. अचूक नेम ही शेतकऱ्याची सुरक्षा आहे आणि जनावराप्रती अखेरचे कर्तव्यही. ते पार पाडण्याची तयारी नसेल, तर परवान्याचा कागद देऊन शासनाने हात झटकू नयेत.