दानाचा ओघ आणि दानाचा हिशेब

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर-उस्मानाबादकडील खेडीं जमीनदोस्त झालीं; हजारों माणसें झोपेंतच गेलीं. त्यांस धरणीनें मारलें म्हणण्यापेक्षां मातींत रचलेल्या दगडी भिंतींनीं व जड धाब्यांनीं मारलें, हेंच म्हणणें यथार्थ होय. मदतीचा पूर लोटला. परंतु जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, आणि बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यास वर्षें लागलीं. दया उदंड होती. उणीव होती ती योजनेची. बिहारच्या १९३४ च्या भूकंपांत राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखालीं मध्यवर्ती समिति स्थापून लोकांनीं ही शिस्त पूर्वींच घालून दिली होती.

पातूर तेथून दूर खरें. पण असा प्रसंग आला कीं वर्गणीची पेटी आपल्या पेठेंतही फिरते. व्यापारीबंधूंस आमचा प्रश्न इतकाच: दुकानाची वही आपण रोज ताळ्यास लावितां, मग धर्मादायाची वही कोरी कां? कायमचा निधि उभारावा, त्याचा जमाखर्च पेठेंत फलकावर लावावा, आणि निम्मी रक्कम पक्क्या घरांसाठीं राखून ठेवावी. पहिल्या आठवड्याचें अन्न कोणीही देतो. दुसऱ्या पावसाळ्याचें छप्पर देतो, तोच खरा दाता.