मुंगीला आठ पाय?
मंडळी, नगरपरिषदेने चौकात भंगारातून मोठी मुंगी उभी केलीय. कौतुकाची बातमी मीच दिली, पाय न मोजता. काल मुलगी म्हणाली, "बाबा, आठ पाय कोळ्याला. मुंगीला सहाच!"

काम बाहेरच्या ठेकेदाराचं. रेड ऑक्साइड मारलं नाही, पहिल्याच पावसात गंज धरला. पत्र्याच्या कडा ग्राइंडरने घासल्या नाहीत, पोरं तिथंच हात लावतात.

आणि स्टँडमागचा आपला वेल्डिंगवाला? गाडीच्या जुन्या टाकीचा भुंगा, सायकलच्या चेनचे पाय, बेअरिंगच्या गोळ्यांचे डोळे. आधी फरशीवर खडूने आखतो, मगच जोडतो. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढचं काम त्याला द्या. पैसे वेळेत द्या. आणि पाटीवर नाव त्याचंच लिहा, पुढाऱ्यांचं नको.