कच्च्या कामाची वही



विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तेच दिसते. मॉडेल चकचकीत, तक्ता सुबक, पण "हा आकडा कुठून आला?" असे विचारले की मूल आईबाबांकडे पाहते. म्हणून यंदा मी एक नियम सुचवला आहे: प्रकल्पाशेजारी कच्च्या कामाची वहीही मांडावी. काही पालकांना हा जाच वाटतो. त्यांच्यासाठी मेंदूसंशोधनातले एक उदाहरण देतो.

एफएमआरआय यंत्र मेंदूतील रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल टिपते. त्या असंख्य आकड्यांतून अर्थ काढण्याचे काम सॉफ्टवेअर करते. 'एएफएनआय' हे असेच एक सॉफ्टवेअर. अमेरिकेत रॉबर्ट कॉक्स यांनी १९९४ मध्ये ते सुरू केले. ते निःशुल्क आहेच, शिवाय त्याचा सोर्स कोड, म्हणजे आतली सगळी आकडेमोड, कोणालाही वाचता येते.

स्वीडनचे अँडर्स एक्लुंड व हान्स नुटसन आणि ब्रिटनचे टॉमस निकोल्स यांनी अशा तीन सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. परीक्षेसाठी वापरलेले ४९९ निरोगी माणसांचे स्कॅन त्यांनी स्वतः काढलेले नव्हते. बीजिंग, अमेरिकेतील केंब्रिज आणि फिनलंडमधील ओउलु येथील संशोधकांनी ते सर्वांसाठी खुले ठेवले होते. ही माणसे यंत्रात नुसती पडून होती, कोणालाही काही काम दिलेले नव्हते. तेव्हा शंभरातून पाचच वेळा खोटा निष्कर्ष निघायला हवा होता. काही पद्धतींत तो सत्तर वेळांपर्यंत निघाला! याच तपासणीत एएफएनआयमध्ये पंधरा वर्षे दडलेली एक चूकही सापडली. निबंध छापून येण्याआधीच, मे २०१५ मध्ये, ती दुरुस्त झाली.

यावर कोणी म्हणेल, कोड उघडा होता तर पंधरा वर्षे कोणाला कसे दिसले नाही? प्रश्न रास्त आहे. उघडे ठेवणे वेगळे आणि कोणी बसून तपासणे वेगळे. खुद्द या तिघांनी सुमारे ४०,००० संशोधनांवर शंका घेतली होती. तो आकडा फार मोठा आहे अशी टीका झाली आणि त्याच वर्षी त्यांना ते वाक्य बदलावे लागले. माझ्या मते त्यामुळे त्यांचे काम अधिक विश्वासाचे झाले.

म्हणून आमच्या नियमाचा दुसरा भाग असा: प्रत्येक वही दुसऱ्या गटातील एक विद्यार्थी तपासेल, त्यातले एक गणित वा मोजमाप स्वतः पुन्हा करील आणि खाली सही करील. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. आमचे गुरुजी उत्तराआधी 'रफ कार्य'चा रकाना पाहत, तेव्हा ही कल्पना काही परदेशी नाही.

विश्वस्त मंडळींना विनंती की बक्षिसाच्या गुणांपैकी निम्मे गुण या वहीला ठेवावेत. आणि पालकांनो, ती वही रात्री जागून सुंदर अक्षरात उतरवून देऊ नका. आम्हाला ती खाडाखोडीसकटच हवी आहे.